लोड चढून राह्यला

"ताई, आधी मराठी शिका. मग सर्व्हर शिका."

हे वाक्य मी केसपेपरच्या खिडकीत उभ्यानं वाचलं. सकाळचे साडेदहा. काचेपलीकडे लाइन. लाइन दारातून बाहेर, पार कडुनिंबाखालच्या मोटरसायकलींपर्यंत गेलेली. माझ्या कॉम्प्युटरवर ते गोल चक्र फिरत होतं. एका म्हाताऱ्याचं नाव टाकून बटण दाबलं त्याला चार मिनिटं झाली होती. म्हातारा काचेवर बोट वाजवत होता. जोरात नाही. टक टक. टक टक. आणि टेबलाखाली माझ्या हातात मोबाइल. त्यात ते वाक्य. वाक्याखाली पिवळे हसरे चेहरे, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे. मी बोटानं वर सरकवत गेले. संपेचनात.

"मॅडम, झालं काय?" म्हातारा म्हणाला.

"होऊन राह्यलं काका. थांबा."

होत नव्हतं. मलाही माहीत होतं, होत नव्हतं.

मी देऊळघाटची. बाबांचा भाजीचा मळा आहे, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. घरात कॉम्प्युटर शिकलेली मी पहिली. बुलढाण्याच्या कॉलेजात पदवी घेतली. तिथं लॅबमध्ये बारा कॉम्प्युटर होते, चालणारे सात, आणि एकेका कॉम्प्युटरपुढे आम्ही तिघी तिघी बसायचो. माझा नंबर कीबोर्डवर क्वचित लागायचा. पाहून पाहून शिकले.

मग बुलढाण्यातच एका ट्रस्टच्या दवाखान्यात लागले. केसपेपर काढायला. पेशंटचं नाव, गाव, वय, मोबाइल नंबर विचारायचा, टाकायचा, कागद काढून द्यायचा. तो कागद मिळाला की मग डॉक्टर. कागद नाही तर डॉक्टर नाही. एवढं त्या खिडकीचं महत्त्व.

हे सगळं चालायचं एका सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे जिन्याखालच्या खोलीत ठेवलेला काळा डबा. दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर त्याला जोडलेले, सगळ्या पेशंटच्या नोंदी त्याच्या पोटात. तो ज्या माणसानं बसवून दिला होता, तो दुसऱ्या शहरातला. वर्षभरानं त्याचा फोन लागेनासा झाला. मग साहेब, म्हणजे आमचे व्यवस्थापक, एक दिवस माझ्या खिडकीत आले. "तुम्ही कॉम्प्युटर शिकलात ना? मग हा पण तुम्हीच पाहा."

मी म्हणाले, "सर, मला सर्व्हरचं काही येत नाही."

"मोबाइलवर पाहून करा. सगळं असतं आजकाल मोबाइलवर."

झालं. त्या दिवसापासून मी केसपेपरवाली पण आणि सर्व्हरवाली पण. झाडझूड करणाऱ्या नलूमावशी मला 'इंजिनेर' म्हणू लागल्या. थट्टेनं नाही, खरोखर. त्यांना वाटायचं मला येतं.

डायलिसिसचं केंद्र सुरू झालं तेव्हापासून त्रास वाढला. घाटाखालचीही माणसं आमच्याकडे येऊ लागली. पहाटेची एसटी धरून, घाट चढून. किडनीचा पेशंट आठवड्यातून दोनदा येणार. प्रत्येक वेळी त्याची नोंद कॉम्प्युटरवर झाली पाहिजे, तरच फुकट उपचाराच्या सरकारी योजनेत बसतो, तरच मशीन लावतात. आणि नेमका साडेनऊ ते बारा सर्व्हर बसायचा. एका केसपेपरला तीन मिनिटं, चार मिनिटं. कधी सात. लोक ओरडायचे. लोकांचं काय चुकलं? त्यांना काचेमागं फक्त मी दिसायची. डबा दिसायचा नाही.

मी शिकायचा प्रयत्न केला. दुपारी लाइन संपली की जिन्याखाली जाऊन बसायची. कोणती आज्ञा दिली की काय दिसतं ते वहीत उतरवायची. प्रोसेसर रिकामा दिसायचा. मेमरी भरलेली. लोडचा आकडा मात्र चढलेला. काम करणारा बसून आहे आणि काम तुंबलंय. का? मला कळत नव्हतं. विचारायला आख्ख्या गावात, आख्ख्या तालुक्यात माझ्या ओळखीचं माणूस नव्हतं.

म्हणून बाहेर विचारलं.

आधी इंग्रजीत. एक मोठं संकेतस्थळ आहे, तिथं जगभरातले लोक प्रश्न टाकतात, जाणकार उत्तरं देतात. मी दोन दिवस लावून प्रश्न लिहिला. प्रत्येक शब्द शोधून. टाकला. पाच मिनिटांत कुणीतरी माझं इंग्रजी दुरुस्त केलं. मला फार बरं वाटलं, वाटलं कुणीतरी वाचतंय. त्यानंतर त्यानंच प्रश्न बंद केला. 'स्पष्ट नाही.' मी परत लिहिला. या वेळी 'असा प्रश्न आधी झालाय.' तो आधीचा प्रश्न मी तीनदा वाचला. तो माझा नव्हता. तिसऱ्यांदा टाकायला गेले तर लिहून आलं, तुम्हाला आता प्रश्न विचारता येणार नाही.

माझं भांडण त्या लोकांशी नाही. ते मला ओळखत नव्हते. मी त्यांच्या दारात नीट उभी राहू शकले नाही, एवढंच.

मग हा ग्रुप सापडला. मराठी तंत्रज्ञांचा. हजारो माणसं. वर लिहिलेलं, मराठी माणसानं मराठी माणसाला हात द्यावा. मला भरून आलं. वाटलं, हे आपले. इथं शब्द शोधायला नको.

मी लिहिलं. खिडकीत बसूनच लिहिलं, लाइन चालू असताना. 'नमस्कार. आमच्या दवाखान्याच्या सर्व्हरवर रोज सकाळी लोड चढून राह्यला. प्रोसेसर रिकामा दिसते पण काम होत नाही. मले समजून नाही राह्यलं. कृपया मदत करा.' सोबत मोबाइलनं काढलेला फोटो. स्क्रीनचा.

शाळेत आम्ही 'मला' लिहितो. पेपरात 'मला' लिहितो. त्या दिवशी घाईत बोटातून 'मले' आलं. मला दिसलंसुद्धा नाही.

त्यांना पहिलं तेच दिसलं.

दुसरं दिसलं ते फोटोतलं हळदी-कुंकू. दसरा नुकताच झाला होता. खंडेनवमीला नलूमावशींनी त्या डब्याची आणि त्याच्या स्क्रीनची पूजा केली होती. झेंडूची माळ वाळून लटकलेली. फोटोत माझ्या हाताचं प्रतिबिंब पण होतं, बांगड्यांसकट.

"नैवेद्य दाखवला का?"

"चढून राह्यला म्हणे! उतरून राह्यला नाही का?"

"स्क्रीनचा फोटो कोण काढतं? कुठल्या युगात आहात?"

"ताई भाकरी थापता थापता सर्व्हर चालवतात."

"असल्यांच्या हातात सर्व्हर देतं कोण? कोट्यातून आल्या असतील."

आणि मग ते वाक्य. ते लिहिलं होतं त्या ग्रुपच्या मोठ्या सरांनी. पुण्याचे. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत. कुणाला नोकरी लावून दिलेली, कुणाला शिकवलेलं. त्यांनी लिहिल्यावर बाकीच्यांना मोकळं रान मिळालं. सगळ्या मिळून शंभरावर प्रतिक्रिया. त्यात उत्तर एकही नाही.

मी काय केलं? मी लिहिलं, 'सॉरी सर. चुकलं. पुढे काळजी घेईन.'

हे मला सांगायला हवं. मला राग आला नाही. लाज वाटली. माझीच. मी मोबाइल पालथा घातला आणि म्हाताऱ्याला कागद काढून दिला. सातव्या मिनिटाला.

सॉरीवर सर खूश झाले. लिहिलं, 'शिकण्याची तयारी आहे हे चांगलं. शनिवारी चार वाजता आपण सगळे कॉलवर बसू. ताईंचा सर्व्हर पाहू.'

शनिवारी मी नवा ड्रेस घातला. कॅमेरा लावायचा नव्हता, तरी घातला. नलूमावशींनी जिन्याखालची खोली झाडून दिली. "नीट होईन आता," म्हणाल्या. कॉलवर चाळीसेक माणसं होती. मला वाटलं, एवढे लोक आपल्यासाठी आले.

सरांनी विचारलं, "नाव?"

मी सांगितलं.

"आडनाव?"

सांगितलं.

"अच्छा."

तो 'अच्छा' मला लहानपणापासून ओळखू येतो. आडनाव ऐकल्यावर माणूस मनातल्या मनात आपल्याला कुठं बसवतो, त्या बसवण्याचा तो आवाज असतो.

मग म्हणाले, "हां, सांगा आता. काय होतंय? तुमच्या शब्दांत सांगा."

मी फार जपून बोलत होते. प्रत्येक वाक्य आधी मनात धुऊन घेत होते. पण भीतीनं जीभ घरी पळते. "सर, सकाळी पेशंट वाढले की हे थांबून राह्यते..."

कुणीतरी खुसकन हसलं. सर म्हणाले, "काय म्हणालात? परत म्हणा."

मला वाटलं आवाज गेला नाही. मी परत म्हणाले.

या वेळी चार-पाच जण हसले. सर म्हणाले, "नाही नाही, गोड आहे हो तुमची भाषा. परत एकदा."

मी तिसऱ्यांदा म्हणाले. त्यांनी म्हणा म्हटलं म्हणून म्हणाले. सर्कशीतल्या अस्वलासारखी. चाळीस माणसं. कुणी म्हणालं नाही की पुरे.

पुढं पंधरा मिनिटं त्यांनी माझी स्क्रीन पाहिली. मी टाइप करताना चुकले की उसासे यायचे. शेवटी सर म्हणाले, "हे सगळं मुळातच चुकीचं बसवलंय. नवीन सर्व्हर घ्या. जमत नसेल तर कुणाला तरी नेमा, ज्याला येतं." कॉल संपला. नलूमावशी दारात उभ्या होत्या. "झालं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. खोटं बोलले.

दोन दिवसांनी आमच्या घरच्या ग्रुपवर गजूनं एक स्टिकर टाकलं. गजू माझा धाकटा भाऊ. पुण्याला कंपनीत आहे. स्टिकरमध्ये झेंडूची माळ घातलेला एक कॉम्प्युटर आणि खाली अक्षरं: 'लोड चढून राह्यला'. गजूनं लिहिलं होतं, 'आमच्या ऑफिसात सगळे हेच टाकून राह्यले. मस्त आहे.'

घरच्यांनी त्यावर हसून उत्तरं दिली. काकूनं, मामेभावानं. बाबांनी पण अंगठा दिला. बाबांना सगळ्यालाच अंगठा द्यायची सवय आहे.

मी गजूला फोन केला. "ते माझं आहे," म्हणाले.

"काय तुझं?"

"तो सर्व्हर. ते हळदी-कुंकू. ते वाक्य."

मला वाटलं आता चिडेल. कुणावर तरी चिडेल. माझा भाऊ आहे.

तो म्हणाला, "ताई, तू काऊन तसं बोलली तिथं? शुद्ध बोलायचं ना. मी इथं किती सांभाळून बोलतो. एक शब्द जाऊ देत नाही तोंडातून."

"गजू, मी मदत मागत होते."

"तेच तर. मदत मागताना तरी नीट मागायची."

मी फोन ठेवला. ग्रुपवरची माणसं परकी होती. हा एका ताटात जेवलेला. त्याच्या आवाजात मला त्या सरांचा आवाज ऐकू आला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याची भीती पण ऐकू आली. ऑफिसात रोज आठ-नऊ तास तो जीभ आवळून बसतो. त्यानं ते स्टिकर पुढं का पाठवलं हे मला तेव्हा कळलं. आपण हसलो की आपल्यावर कुणी हसत नाही.

तरी मी अजून गप्पच होते.

त्याच आठवड्यात मला ग्रुपमधल्या एकाचा खासगी निरोप आला. 'झालं ते बरं नाही झालं. डेटाबेसला मेमरी फार कमी दिलेली असणार. ती वाढवा, काम होईल. माझं नाव कुठं येऊ देऊ नका.' खाली कुठल्या फाइलमध्ये काय लिहायचं ते दिलं होतं. डेटाबेस म्हणजे सर्व्हरमधला तो भाग, जिथं सगळ्या नोंदी राहतात. मी त्याला दहा वेळा धन्यवाद लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच गेले. लाइन लागायच्या आत करून टाकावं. त्यानं सांगितलेला आकडा टाकला. सर्व्हर बंद करून चालू केला.

डेटाबेस चालूच होईना.

परत केलं. नाही. परत. नाही. त्याला निरोप टाकला, 'दादा, चालू नाही होत.' निरोप पोचला. त्यानं वाचला. उत्तर नाही. थोड्या वेळानं पाहिलं तर त्याचे आधीचे निरोप पण गायब. त्यानं खोडून टाकले होते. माझ्याशी बोलल्याची खूण पण त्याला नको होती.

साडेनऊ वाजले. लाइन कडुनिंबापर्यंत गेली. मला फाइलमधला जुना आकडा आठवेना. घाईत वहीत लिहिला नव्हता. साहेब येऊन गेले, दोनदा. "हातानं लिहून द्या," कुणीतरी म्हणालं. साहेब म्हणाले, "साध्या पेशंटला द्या. योजनेवाल्यांना नाही चालत. त्यांची नोंद कॉम्प्युटरवरच पाहिजे."

योजनेवाले म्हणजे डायलिसिसचे.

त्यात पार्बताबाई होत्या. मोताळ्याकडच्या एका खेड्यातल्या. मंगळवार-शुक्रवार नवऱ्याला घेऊन यायच्या. नवरा उंच माणूस, आता वाकलेला, पाय सुजलेले, चपला पायात मावत नाहीत म्हणून हातात धरलेल्या. त्यांची सकाळची पाळी असायची. नोंद झाली नाही. त्यांची पाळी गेली. मशीनवर पुढचा पेशंट चढवला, तो आधीपासून वॉर्डात भरती होता, त्याची नोंद आधीच झाली होती. काका, म्हणजे पार्बताबाईंचे यजमान, बाहेर बाकड्यावर बसले. थोड्या वेळानं आडवे झाले. श्वास लागला होता. नुसता आवाज येत होता छातीतून.

पार्बताबाई खिडकीत आल्या. मला वाटलं आता बोलतील. बोलायलाच पाहिजे होतं.

त्या म्हणाल्या, "पोरी, तुह्या मशीनले काय झालं व माय?"

मी म्हणाले, "मले नाही माहीत मावशी."

"मंग इचारनं कोनाले."

विचार ना कुणाला. एवढंच. मी तिथंच रडले. लाइनसमोर. काचेमागं.

साडेअकराच्या सुमाराला मला कळलं की डब्यात जेवढी मेमरी आहे, त्याहून जास्त मी डेटाबेसला देऊन बसले होते. त्या माणसानं 'तुमच्याकडं किती आहे' हे विचारलंच नव्हतं. आणि मला ते विचारावं लागतं हे माहीत नव्हतं. आकडा कमी केला. चालू झालं. तेवढंच हळू. काकांना दुपारच्या पाळीत मशीन मिळालं. त्यांची तीनची एसटी गेली.

त्या दुपारी मी जिन्याखाली बसून त्या ग्रुपवर लिहिलं. या वेळी पाहून लिहिलं. प्रत्येक अक्षर मला दिसत होतं.

'हा सर्व्हर दवाखान्याचा आहे. आज थो तीन तास बंद होता. एक मानूस डायलिसिसच्या मशीनवर येळेवर चढला नाई, कारन मेमरी किती द्याची हे मले माहीत नव्हतं. मी तुमाले इचारलं होतं. तुमी हासले. मी "मले" म्हनते. माह्या घरी सगळे "मले" म्हनते. उत्तर माहीत असंन तर सांगा. माहीत नसंन तर नाई म्हना. तुमाले मी सॉरी म्हनली होती. थे सॉरी मी वापस घेते.'

पाठवलं. मोबाइल हातात धरून बसले.

मग एकानं लिहिलं, 'व्हिक्टिम कार्ड'. दुसऱ्यानं, 'दवाखान्याच्या नावावर सहानुभूती'. मग भांडणं. दोन-तीन जण माझ्या बाजूनं पण बोलले, पण त्यांचं भांडण एकमेकांशीच जास्त चाललं. सर्व्हरचं कुणीच बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांचा निरोप आला. खासगी. गोड.

'ताई, तुमची अडचण दहा मिनिटांची आहे. मी स्वतः बसून करून देतो. फक्त ती पोस्ट काढा आणि ग्रुपची दोन ओळींत माफी मागा. शुद्ध मराठीत. ग्रुपच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.'

दहा मिनिटांची.

म्हणजे त्यांना माहीत होतं. शनिवारी कॉलवर माहीत होतं. ते 'परत म्हणा' म्हणत होते तेव्हाही माहीत होतं. की नव्हतं, आणि आता उगाच म्हणत होते? मला आजही सांगता येत नाही.

मी साहेबांना निरोप दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला. "मागून टाका ना. दोन ओळी तर आहेत. काय जातं तुमचं? पेशंट महत्त्वाचा की तुमचा मान?"

काकांच्या छातीतला तो आवाज माझ्या कानात होता. मी मोबाइल उघडला. लिहायला घेतलं. 'माननीय सर, माझ्या लिखाणामुळे...' इथपर्यंत लिहिलं. दोन दिवस ते तसंच अर्धं पडून होतं.

शुक्रवारी पार्बताबाई आल्या. काका आत मशीनवर गेल्यावर त्या खिडकीशी येऊन बसल्या. लाइन संपली होती. मी त्यांना सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. म्हणाले, "मावशी, एक मानूस हे मशीन नीट करून देतो म्हणते. पण माफी माग म्हणते."

"काय चोरलं तुनं त्याचं?"

"काही नाही."

"शिवी देल्ली?"

"नाही. मी मदत मागतली. ते हासले. मी म्हटलं, हासू नका."

पार्बताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मंग कायची माफी?"

"पण मावशी, काकांले उशीर होते ना. माह्यामुळे."

मला वाटलं त्या म्हणतील, होऊ दे उशीर. त्या तसं म्हणाल्या नाहीत. का म्हणाव्यात? त्यांचा माणूस आत होता. त्या नुसत्या म्हणाल्या, "थ्याले सांग, दोनी एकात नको आनू. मशीन येगळं, माफी येगळी." आणि उठून आत गेल्या.

मी ते अर्धं वाक्य खोडलं. त्याजागी लिहिलं, 'माफी मागणार नाही. सर्व्हरचं उत्तर माहीत असेल तर सांगा. दवाखान्यासाठी सांगा, माझ्यासाठी नको.'

अर्ध्या तासात मला ग्रुपमधून काढलं. उत्तर आलं नाही.

इथं गोष्ट छान व्हायला हवी होती. मी सर्व्हर शिकले, सगळं धावायला लागलं, असं. तसं झालं नाही. पुढच्या महिनाभरात मला एक गोष्ट सापडली. मोबाइल नंबर टाकला की सर्व्हर पहिल्या पेशंटपासून सगळ्या नोंदी चाळत बसायचा, कारण नंबरांची अनुक्रमणिकाच कुणी बनवली नव्हती. ती बनवायला मला चार दिवस लागले. चार मिनिटांचं काम दीड मिनिटावर आलं. सोमवारी गर्दी झाली की अजून तसंच अडतं. डबा जुना आहे, त्याची डिस्क थकलीय, हे मी साहेबांना तीनदा लिहून दिलं. कागद त्यांच्या टेबलावर आहे.

पार्बताबाई आता येत नाहीत. त्यांच्या गावचा एक पेशंट म्हणाला, काकांना जळगावकडं कुठंतरी नेतात, लेकीकडं. बरे आहेत का, त्याला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी दोन ओळी लिहिल्या असत्या तर त्यांना आमच्याच दवाखान्यात वेळेवर मशीन मिळत राहिलं असतं का? हा प्रश्न मला रोज पडतो. त्या सरांना पडत नसेल. साहेबांनाही नाही. ज्यांच्या हातात उत्तर होतं त्यांना कुणी विचारत नाही की तुम्ही ते दाबून का ठेवलं. विचारतात मला, की तू वाकली का नाहीस.

गजू दिवाळीत आला होता. जेवताना म्हणाला, "ताई, सोडून दे ना आता ते." आईनं त्याच्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "काय सोडू? सांग. काय काय सोडू?" तो खाली मान घालून जेवत राहिला.

या सोमवारी मी दुसऱ्या एका ठिकाणी प्रश्न टाकलाय. लपून नाही, माझ्याच बोलीत. नाव लिहून, आडनाव लिहून, गाव देऊळघाट, तालुका बुलढाणा लिहून. डिस्कचा फोटो जोडलाय. कुणी उत्तर दिलेलं नाही. एकानं फक्त विचारलंय, 'ही कुठली भाषा?'

मी त्याला लिहिलं, 'माही. आता डिस्कचं सांगता का?'

त्यानं सांगितलं नाही. मी उद्या परत विचारणार. तिथून काढलं तर तिसऱ्या ठिकाणी. तिसऱ्या ठिकाणी हसले तर हसणाऱ्याचं नाव घेऊन त्यालाच परत विचारणार. जोवर या खिडकीपुढं एक जरी माणूस उभा आहे तोवर विचारणार. आणि मान खाली घालून एकदाही नाही.